खडूच्या नळीतून रंग वेगळे करणारा माणूस: मिखाईल त्स्वेत कोण होते?

तुमच्या घरी येणारी दुधाची पिशवी पातळ असते, तरी चटकन फाटत नाही. त्या प्लास्टिकमध्ये नेमकं काय आणि किती आहे, हे प्रयोगशाळेत ज्या पद्धतीने शोधता येतं, तिचा जनक प्लास्टिकवाला नव्हता. तो झाडांच्या पानांचा अभ्यास करायचा.

एकदा शिकून पुन्हा परीक्षा

मिखाईल त्स्वेत यांचा जन्म 14 मे 1872 रोजी इटलीतल्या अस्ती गावात झाला. वडील रशियन, आई इटालियन. जन्मानंतर लवकरच आई गेली आणि मिखाईल स्वित्झर्लंडमध्ये वाढले. 1896 मध्ये जिनिव्हा विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन ते रशियात गेले. तिथे ही परदेशी पदवी चालेना. त्यामुळे त्यांना खालच्या पायरीपासून सुरुवात करावी लागली. 1901 मध्ये त्यांनी कझानमधून रशियन पदवी मिळवली आणि मग ते वॉर्साला आले. तेव्हा वॉर्सा रशियन साम्राज्यात होतं.

नळीत दिसले रंगांचे पट्टे

पानाच्या हिरव्या रंगात नेमकी किती द्रव्यं असतात, हा त्यांचा प्रश्न होता. 1903 मध्ये त्यांनी वॉर्सातल्या सभेत आपली नवी पद्धत मांडली. काचेच्या नळीत खडूसारखी बारीक पूड ठासून भरायची. वरून पानांचा अर्क सोडायचा आणि मग द्रावक ओतत राहायचं.

जत्रेत प्रत्येक दुकानापाशी थांबणारा मागे राहतो आणि सरळ चालणारा देवळात आधी पोहोचतो. इथेही तसंच होतं. पुडीला कमी चिकटणारं द्रव्य पुढे जातं, जास्त चिकटणारं मागे रेंगाळतं. नळीत हिरवे-पिवळे पट्टे वेगवेगळे दिसू लागले. 1906 मध्ये त्यांनी याला नाव दिलं, क्रोमॅटोग्राफी. गंमत म्हणजे रशियन भाषेत 'त्स्वेत' म्हणजेच रंग.

कुणी मनावरच घेतलं नाही

हरितद्रव्य एक नसून दोन प्रकारचं असतं, हे त्स्वेत यांनी दाखवलं. पण ते वनस्पतिशास्त्रज्ञ होते आणि रसायनशास्त्रज्ञांना ही पद्धत भरवशाची वाटेना. पुडीला चिकटताना द्रव्यच बदलत असेल, अशी शंका घेतली गेली. याच विषयातले बडे जर्मन संशोधक रिचर्ड विल्स्टेटर यांनाही ती पटली नाही. 1915 मध्ये वनस्पतींच्या रंगद्रव्यांवरच्या कामासाठी नोबेल विल्स्टेटर यांना मिळालं.

त्याच वर्षी पहिल्या महायुद्धात जर्मन फौजा वॉर्सात शिरल्या आणि त्स्वेत यांना शहर सोडावं लागलं. मॉस्को, निझनी नोवगोरोद, तार्तू आणि शेवटी व्होरोनेझ अशी त्यांची फरफट झाली. 26 जून 1919 रोजी, वयाच्या 47 व्या वर्षी, व्होरोनेझमध्ये त्यांचं निधन झालं.

मग पद्धत परत आली कशी?

1931 च्या सुमारास हायडेलबर्गमध्ये रिचर्ड कून यांच्या प्रयोगशाळेत एडगर लेडरर यांनी त्स्वेत यांची पद्धत पुन्हा वापरली आणि ती चालली. 1952 मध्ये क्रोमॅटोग्राफीचा एक नवा प्रकार शोधल्याबद्दल मार्टिन आणि सिंज यांना नोबेल मिळालं.

आता प्लास्टिककडे येऊ

पॉलिथिलीन, पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या कुटुंबाला पॉलिओलेफिन म्हणतात. इथिलीनच्या साखळीत हेक्सीनसारखा दुसरा घटक जोडला की कोपॉलिमर तयार होतं. अडचण अशी, की एकाच मालातल्या सगळ्या साखळ्या सारख्या नसतात. सरासरी प्रमाण एकच असलेल्या दोन मालांपैकी एक चिवट निघू शकतो, तर दुसरा ठिसूळ. म्हणून साखळ्या वेगळ्या करून पाहाव्या लागतात. त्यात ही प्लास्टिकं साध्या तापमानाला विरघळतच नाहीत.

2009 मध्ये जर्मनीतल्या डार्मस्टाट इथे टिबोर माकोसारख्या संशोधकांनी यावर तोडगा दाखवला. नळीत सच्छिद्र ग्रॅफाइट भरलं, तापमान 160 अंश सेल्सियस ठेवलं आणि द्रावक हळूहळू बदलत नेलं. सरळ साखळी ग्रॅफाइटवर सपाट पडून घट्ट चिकटते. हेक्सीनमुळे फांद्या फुटलेली साखळी तशी पडू शकत नाही, म्हणून ती आधी बाहेर येते. कोणत्या साखळ्या कधी बाहेर आल्या, यावरून दुसरा घटक कुठे किती आहे ते कळतं.

खडूच्या जागी ग्रॅफाइट आलं, पानांच्या अर्काच्या जागी विरघळलेलं प्लास्टिक आलं. कोण किती चिकटतं हे पाहून वेगळं करायचं, हे तत्त्व मात्र त्स्वेत यांचंच राहिलं.