प्रो. स्किनर व त्यांचें शिकविणारें यंत्र

उदाहरण सोडवून पाटी पालथी घालावी आणि गुरुजी आपल्या बाकापर्यंत केव्हां येतात याची वाट पहात बसावें, हा अनुभव आपल्या वडीलधाऱ्यांपैकीं पुष्कळांस आहे. पाटी जाऊन वही आली, तरी वाट पाहणें कांहीं सुटलें नाहीं. वर्गांत मुलें चाळीस-पन्नास, आणि गुरुजी एकटे. वह्या गोळा होऊन त्यांच्या घरीं जातात व दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं तांबड्या शाईच्या खुणा घेऊन परत येतात. तोंवर आपण उत्तर कसें काढिलें होतें, हेंच मुलगा विसरून गेलेला असतो. यांत कांहीं मोठें बिघडत आहे, असें आपणांपैकीं फार थोड्यांस वाटलें असेल. ज्या एका अमेरिकन गृहस्थांस तें फार तीव्रतेनें वाटलें, आणि ज्यांच्या खटपटींतून आजच्या संगणकावरील शिक्षणाचा एक मोठा ओघ निघाला, त्या प्रो. स्किनर यांचें चरित्र येथें थोडक्यांत सांगावयाचें आहे.

बर्रस फ्रेडरिक स्किनर यांचा जन्म २० मार्च १९०४ रोजीं पेन्सिल्व्हेनिया राज्यांतील सस्क्वेहॅना या आगगाडीच्या गांवीं झाला. वडील वकील होते. मातोश्री शिस्तीच्या असून लोक काय म्हणतील याची त्यांस मोठी काळजी असे. मुलाचा ओढा मात्र हत्यारांकडे व लांकडाच्या तुकड्यांकडे. टाकून दिलेल्या एका जुन्या बंबापासून त्यानें वाफेची तोफ केली आणि शेजाऱ्यांच्या छपरांवरून बटाट्यांचे व गाजरांचे गोळे उडविले! एल्डरबेरीचीं फळें दारोदार विकतांना पिकलेलीं व कच्चीं वेगळीं व्हावींत, म्हणून त्यानें वाहत्या पाण्याची एक युक्ति काढिली होती. रात्रीचे कपडे खुंटीवर न लावण्याबद्दल आई वारंवार रागें भरे. तेव्हां त्यानें दोरी, खुंटी व एक पाटी यांची अशी जुळणी केली कीं, कपडे खुंटीवर नसले म्हणजे आठवण देणारी ती पाटी दाराच्या मध्यभागीं लोंबत राही. कपडे लावले कीं ती वर सरके. वागणूक सुधारावयाची तर माणसास बोल लावण्यापेक्षां त्याच्या भोंवतालची मांडणी बदलावी, हा त्यांचा पुढील आयुष्यांतील सिद्धान्त या खेळांत बीजरूपानें दिसतो, असें म्हणावयास हरकत नाहीं.

त्यांच्या शाळेंत मिस ग्रेव्ह्ज नांवाच्या एक शिक्षिका होत्या. शेक्सपिअरचीं नाटकें बेकननें लिहिलीं असें स्किनर एकदां वर्गांत बोलून गेले, तेव्हां बाईंनीं, ज्या विषयाची माहिती नाहीं त्याविषयीं बोलूं नये, अशी समज दिली. मुलगा तडक ग्रंथालयांत गेला आणि बेकनविषयीं मिळेल तें वाचून दुसऱ्या दिवशीं वाद घालावयास उभा राहिला. अशा बाईंचें ऋण ते विसरले नाहींत. शिक्षणावरील आपला मुख्य ग्रंथ त्यांनीं १९६८ सालीं त्यांनाच अर्पण केला.

हॅमिल्टन कॉलेजांत त्यांनीं इंग्रजी वाङ्मयाचा अभ्यास केला. याच काळांत सोळा वर्षांचा धाकटा भाऊ एकाएकीं वारला. १९२६ सालीं पदवी मिळाली, आणि कवि रॉबर्ट फ्रॉस्ट यांनीं कथांची वाखाणणी केल्यामुळें लेखक व्हावें असा निश्चय करून ते आईबापांच्या घराच्या माळ्यावर लिहावयास बसले. वर्ष गेलें, सांगण्यासारखें आपणांपाशीं कांहीं नाहीं, असें त्यांस कळून चुकलें. मग पाव्हलॉव्ह, वॉट्सन वगैरेंचे ग्रंथ वाचून १९२८ सालीं ते मानसशास्त्र शिकण्यासाठीं हार्वर्ड विद्यापीठांत दाखल झाले व १९३१ सालीं पीएच्. डी. झाले.

येथें लहानपणचा सुतारी हात कामास आला. त्यांनीं उंदरासाठीं एक पेटी तयार केली. तिच्यांतील दांडी दाबली कीं खाण्याची एक गोळी ताटलींत पडे व दाबल्याची नोंद सरकत्या कागदावर आपोआप होई. कृतीच्या पाठोपाठ तिचें इष्ट फळ मिळालें, तर ती कृति पुन्हा घडते व दृढ होते. फळास उशीर लागला तर त्याचा प्रभाव ओसरतो. यास मानसशास्त्रांत प्रबलन म्हणतात. या गोळ्या त्यांस स्वतःच्या हातानें कराव्या लागत. एका शनिवारीं पहातात तों सोमवारपर्यंत गोळ्या पुरावयाच्या नाहींत! म्हणून दर खेपेस गोळी न देतां त्यांनीं मिनिटास एकच देण्याचें ठरविलें, तरी उंदीर दांडी दाबीतच राहिला. टंचाईंतून लागलेला हा शोध त्यांच्या शास्त्रांतील महत्त्वाच्या शोधांपैकीं एक ठरला. या प्रयोगांवरील त्यांचा ग्रंथ १९३८ सालीं प्रसिद्ध झाला.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत ते मिनेसोटा विद्यापीठांत अध्यापक होते. बाँबच्या टोकांत कबुतरें बसवून त्यांच्या चोंचीच्या टोंचण्यानें बाँब लक्ष्याकडे वळवावा, अशी एक विलक्षण योजना त्यांनीं हातीं घेतली. सैन्यानें ती स्वीकारली नाहीं, आणि आम्हांस वाटतें, त्यांत कबुतरांचें तरी कल्याणच झालें. परंतु १९४३ सालीं, काम थंडावलें असतां, त्यांनीं व त्यांच्या साथीदारांनीं एका कबुतरास चोंचीनें लांकडी चेंडू मारावयास शिकवावें असें ठरविलें. कबुतर आपण होऊन चेंडू मारील म्हणून ते थांबले. तें कांहीं मारीना. मग त्यांनीं कबुतरानें चेंडूकडे नुसतें पाहिलें तरी दाणा दिला, पुढें चोंच चेंडूकडे वळली कीं दिला, मग चेंडूस लागली तरच दिला. थोड्याच मिनिटांत चेंडू पेटीच्या भिंतींवर आदळूं लागला! अवघड काम लहान लहान पायऱ्यांत वांटावें व प्रत्येक पायरीवर तत्काळ यश मिळूं द्यावें, हा धडा त्या दिवशीं कबुतराहून अधिक स्किनर हेच शिकले.

१९४८ सालीं ते अध्यापक म्हणून हार्वर्डला परत आले. आतां ज्या प्रसंगामुळें त्यांचें नांव शाळेच्या इतिहासांत राहिलें, तो प्रसंग आला. ११ नोव्हेंबर १९५३ रोजीं केंब्रिज गांवच्या एका शाळेंत पालकांस वर्ग पाहण्यासाठीं बोलाविलें होतें. त्यांची धाकटी कन्या डेबोरा तेव्हां चौथीच्या वर्गांत होती. स्किनर मागच्या बाजूस बसून गणिताचा तास पाहूं लागले. बाई बाकांमधून फिरत होत्या, कोठें चूक दाखवीत होत्या. कांहीं मुलांचीं उदाहरणें झटकन् सुटलीं होतीं व तीं चुळबुळ करीत होतीं. कांहीं कपाळास आंठ्या घालून एकाच उदाहरणावर अडलीं होतीं. शेवटीं कागद गोळा झाले. ते तपासून दुसऱ्या दिवशीं मिळावयाचे होते. आपण उंदरास व कबुतरास जी वागणूक क्षणाचाही विलंब न लावतां देतों, ती या मुलांच्या वांट्यास येत नाहीं, हें पाहून त्यांस धक्का बसला. दोष बाईंचा नव्हता. एक माणूस एकाच क्षणीं इतक्या मुलांस उत्तर देऊं शकत नाहीं, हें उघड होतें. घरीं येऊन थोड्याच दिवसांत त्यांनीं एक ओबडधोबड यंत्र तयार केलें.

पुढील वर्षीं त्यांनीं जें सुधारलेलें यंत्र लोकांस दाखविलें, तें एका लहानशा पेटीएवढें होतें. खिडकींत कागदी पट्टीवर छापलेलें उदाहरण दिसे. मुलानें खिट्ट्या सरकवून उत्तराचे आंकडे जुळवावयाचे आणि मूठ फिरवावयाची. उत्तर बरोबर असेल तर मूठ फिरे व पुढील उदाहरण येई. चूक असेल तर मूठ फिरतच नसे. रागें भरणें नाहीं, चारचौघांत हंसें नाहीं, आणि शेजारच्या मुलासाठीं थांबणें नाहीं. मोठ्या विद्यार्थ्यांसाठीं निराळें यंत्र होतें. त्यांत बारा इंच व्यासाच्या कागदी तबकडीवर तीस प्रश्न असत. उत्तर हातानें लिहावयाचें. तरफ उचलली कीं लिहिलेला मजकूर कांचेसारख्या आवरणाखालीं सरके व खरें उत्तर उघडें होई, म्हणजे आपलें उत्तर मागाहून बदलण्याची सोय नाहीं. चुकलेले प्रश्न दुसऱ्या फेरींत पुन्हा समोर येत. हार्वर्डमध्यें सुमारें २०० विद्यार्थी स्किनर यांचाच विषय या यंत्रावर शिकले. कविता पाठ करण्याची त्यांची रीत तर आपल्या विद्यार्थ्यांनीं करून पाहण्यासारखी आहे. प्रथम कवितेंतील कांहीं अक्षरें गाळावयाचीं, मग कांहीं शब्द, मग आणखी. शेवटीं कागद कोरा होतो व कविता मुखोद्गत झालेली असते.

शिकविणारें यंत्र प्रथम स्किनर यांनींच केलें, असें मात्र नव्हे. ओहायोचे प्रो. सिडने प्रेसी यांनीं १९२० नंतरच्या दशकांतच एक यंत्र केलें होतें. त्यांत प्रश्नाचीं चार उत्तरें दिलेलीं असत व त्यांपैकीं एक कळ दाबावयाची असे. स्किनर प्रेसींस मोठा मान देत, पण ही रीत त्यांस मान्य नव्हती. चार उत्तरांपैकीं एक ओळखणें निराळें आणि कोऱ्या जागेंत आपलें उत्तर लिहिणें निराळें. शिवाय चुकीचीं तीन उत्तरें मुलाच्या डोळ्यांपुढें मुद्दाम ठेवावयाचीं कशास? त्यांचा दुसरा आग्रह याहून कडक होता. एखाद्या प्रश्नावर पुष्कळ विद्यार्थी अडखळले, तर दोष विद्यार्थ्यांचा नसून धडा लिहिणाऱ्याचा. त्यानें तो प्रश्न पुन्हा लिहावा. हार्वर्डच्या तबकड्या त्यांनीं व त्यांचे सहकारी जेम्स हॉलंड यांनीं विद्यार्थ्यांच्या चुका पाहून अशाच दुरुस्त केल्या. स्किनर यांचा खरा शोध पेटीचा नसून पेटींतील कागदाचा होता, असें आमचें मत आहे.

परंतु जगानें पेटीच उचलली. १९६० सालीं व्हर्जिनियांतील रोआनोक येथें आठवीच्या ३४ मुलांनीं अशाच पायरीपायरीनें लिहिलेल्या धड्यांवर नववीचें वर्षाचें बीजगणित अर्ध्या वर्षांत पुरें केलें, तेव्हां मोठा गाजावाजा झाला. ज्ञानकोश घरोघर विकणाऱ्या मंडळींनीं स्वस्त पेट्या विकावयास काढल्या. चांगले धडे लिहावयास वर्षें लागत. पेट्या महिन्यांत तयार होत. आय्. बी. एम्. कंपनीनें स्किनर यांच्या यंत्राचा नमुना केला, पण पुढें रस घेतला नाहीं. दुसऱ्या कंपनीचें यंत्र बाजारांत आलें, तें चाललें नाहीं. कांहीं धडे इतक्या बारीक पायऱ्यांचे झाले कीं, हुषार मुलें कंटाळून गेलीं. पांचसात वर्षांत लोकांचा उत्साह मावळला. स्किनर यांस याचें दुःख अखेरपर्यंत होतें.

त्यांच्या इतर मतांविषयीं येथें फार लिहीत नाहीं. मनुष्याचें स्वातंत्र्य ही एक समजूत आहे, अशा आशयाचा त्यांचा १९७१ सालचा ग्रंथ पुष्कळांस पटला नाहीं, आणि प्रस्तुत लेखकासही पटलेला नाहीं. भाषा मूल कसें शिकतें याविषयींच्या त्यांच्या मतांवर नोम चॉम्स्की यांनीं १९५९ सालीं केलेली टीकाही मार्मिक होती. मात्र त्यांनीं आपल्या मुलीस पेटींत कोंडून तिच्यावर प्रयोग केले व त्यामुळें ती वेडी झाली, ही जी कंडी पिकली, ती सर्वस्वी खोटी आहे. तो उबदार पाळणा होता. डेबोरा मोठी होऊन चित्रकार झाली, आणि २००४ सालीं तिनें स्वतःच या अफवेचा निषेध केला.

पेट्या अडगळींत गेल्या, तरी कल्पना गेली नाहीं. इलिनॉय विद्यापीठांत १९६० सालीं प्लेटो नांवाची संगणकावर शिकविण्याची योजना सुरू झाली, आणि १९६६ सालीं पॅट्रिक सुपीज व त्यांचे सहकारी कॅलिफोर्नियांतील एका प्राथमिक शाळेंत पहिलीच्या मुलांस संगणकावर वाचन व गणित शिकवूं लागले. सेमूर पेपर्ट यांनीं मात्र १९८० सालीं उलट बाजू मांडली: यंत्रानें मुलास चालवूं नये, मुलानें यंत्रास चालवावें. स्वतः स्किनर यांनीं वयाच्या ऐंशीनंतरही लेख लिहून, लहान संगणक हें आपल्या कामाचें उत्तम साधन आहे, पण धडे तसे लिहिले जात नाहींत, अशी तक्रार केली. २०२० सालच्या महामारींत शाळा बंद पडल्या, तेव्हां आपल्याकडील लक्षावधि मुलांच्या हातांत मोबाईल आला. त्यावरील चांचण्यांत चार पर्यायांवर बोट ठेवण्याचेंच काम पुष्कळदां असतें. तें पाहिलें म्हणजे प्रेसींच्या चार कळा जिंकल्या आणि स्किनर यांची कोरी जागा हरली, असेंच म्हणावें लागतें. उत्तर तत्काळ कळतें एवढी गोष्ट मात्र साधली, आणि ती लहान नव्हे.

१९८९ सालीं त्यांस रक्ताचा कर्करोग झाल्याचें निष्पन्न झालें. १० ऑगस्ट १९९० रोजीं बॉस्टन येथें मानसशास्त्रज्ञांच्या सभेनें त्यांचा गौरव केला, तेव्हां हातांत टिपण न घेतां ते बोलले. शेवटचा लेख त्यांनीं १७ तारखेस पुरा केला आणि १८ ऑगस्ट रोजीं केंब्रिज येथें देह ठेविला. त्यांचें एक शिकविणारें यंत्र वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयांत ठेविलेलें आहे.