डिग्री नव्हती, नोंदवही होती

थंडीतल्या एखाद्या रविवारी सकाळी लवकर उठून खराडीला मुळा-मुठेच्या काठावर जाऊन बघा. मागे आयटी पार्कच्या काचा, पुढे जलपर्णी आणि नदीचा वास. तरी पाच मिनिटं थांबा. हळदी-कुंकू बदकं वर्षभर इथलीच. पण फावड्यासारख्या चोचीचा थापट्या किंवा केशरी चक्रवाक दिसला, तर तो हिमालयापलीकडून आलेला पाहुणा समजा. याच नदीवर थोडं वरच्या अंगाला, कल्याणीनगरजवळच्या पक्षी अभयारण्याला डॉ. सलीम अली यांचं नाव आहे. त्यांचं करिअर कसं घडलं, माहितीये?

१२ नोव्हेंबर १८९६ ला मुंबईत जन्म. आई-वडील लहानपणीच गेले, मामांनी वाढवलं. छऱ्याच्या बंदुकीने मारलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही कोणती, हे विचारायला पोरगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तिथले सचिव मिलार्ड यांनी पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रहच दाखवला. नाद लागला तो तिथून.

पुढचा रस्ता मात्र खड्ड्यांचा. कॉलेज अर्धवट सुटलं. ब्रह्मदेशातला घरचा धंदा बुडाला. झूलॉजिकल सर्व्हेतली पक्षितज्ज्ञाची जागा पदवी नाही म्हणून हुकली. मुंबईच्या म्युझियममध्ये गाइड झाले, मग बर्लिनला जाऊन पक्षिशास्त्र शिकले. १९३० मध्ये परत येतात तर काय, पैशांअभावी नोकरीच गेलेली!

मग पत्नी तेहमिना यांच्यासोबत अलिबागजवळ किहीमला बिऱ्हाड थाटलं. घराशेजारी सुगरणींची वसाहत होती. रोज तासन्‌तास बघायचं आणि लिहून ठेवायचं, एवढंच काम. नर घरटं अर्धं विणतो, मादीने पसंत केलं तरच पुरं करतो आणि लगेच दुसरं विणायला घेतो, हे त्या नोंदींतून उलगडलं. बेकारीतल्या या कामानेच त्यांचं नाव झालं. १९४१ मध्ये ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ आलं.

आता बदकांकडे येऊ. राजस्थानातलं भरतपूर म्हणजे संस्थानिकांचं बदकांच्या शिकारीचं मैदान. १९३८ मध्ये एकाच दिवशी तिथे ४,२७३ पक्षी मारले गेले. स्वातंत्र्यानंतर ती पाणथळ जागा आटवून शेती करायची मागणी झाली, तेव्हा सलीम अलींनी थेट नेहरूंपर्यंत जाऊन ती वाचवली. तिथे त्यांच्या पुढाकाराने हजारो पक्ष्यांच्या पायांत नंबराची कडी घातली गेली. त्यातली काही बदकं पुढे पार सोव्हिएत रशियात सापडली. पाहुणे कुठून येतात, याचा तो पुरावा होता. १९८५ मध्ये भरतपूर जागतिक वारसा ठरलं आणि २० जून १९८७ ला सलीम अली गेले.

आपल्या नदीचा काठ आज झपाट्याने बदलतोय. उद्या इथे बदकं कमी झाली, तर आधी किती होती हे कोण सांगणार? म्हणून या हिवाळ्यात जाल तेव्हा फोटोसोबत तारीख, वेळ, जागा आणि संख्याही लिहून ठेवा. त्याला डिग्री लागत नाही.