रॉबर्ट जॉन्सन : मरणोत्तर कीर्तीचा ताळेबंद

१९६१ साली अमेरिकेतील कोलंबिया कंपनीने सोळा गाण्यांची एक एल. पी. ध्वनिमुद्रिका बाजारात आणली. 'किंग ऑफ द डेल्टा ब्लूज सिंगर्स' हे तिचे नाव. मिसिसिपी राज्यातील कापूसप्रदेशातल्या गायकांचे राजेपद तिने ज्याला बहाल केले, तो रॉबर्ट जॉन्सन त्यापूर्वी तेवीस वर्षे मरण पावला होता. त्याच्या हयातीत एल. पी. हा प्रकारच अस्तित्वात आलेला नव्हता; त्यामुळे ही त्याची पहिलीच संकलित ध्वनिमुद्रिका म्हणावी लागते. वेष्टनावर छापावयास त्याचे छायाचित्रसुद्धा कंपनीजवळ नव्हते. अखेर चित्रकाराने गिटार वाजवणारा एक माणूस वरून पाहिल्यासारखा रंगवला. त्यात चेहरा दिसत नाही, आणि तो दिसू नये अशीच सोय होती.

मरणोत्तर गौरव म्हणजे उशिरा मिळालेला न्याय, असे मानण्याची आपल्याकडेच नव्हे तर सर्वत्र रीत आहे. उपेक्षेत मेलेल्या कलावंताची थोरवी पुढील पिढी ओळखते आणि हिशेब चुकता होतो, अशी ती समाधानकारक समजूत. जॉन्सनच्या बाबतीत मात्र हा हिशेब जमेचा आणि खर्चाचा असा दोन्ही बाजूंनी तपासून पाहणे आवश्यक ठरते. तसे पाहू गेल्यास न्यायाइतकाच अन्यायही त्या कौतुकात दडलेला आढळतो.

जॉन्सनचा जन्म बहुधा मे १९११ मधला, मिसिसिपीतील हेझलहर्स्ट गावचा. त्याच्या आईचा विवाह ज्या गृहस्थाशी झाला होता, तो कृष्णवर्णीय असूनही स्वतःची जमीन बाळगणारा आणि लाकडी सामान बनवणारा कारागीर होता. गोऱ्या जमीनदारांशी तंटा होऊन झुंडीच्या हातून मरण्याची वेळ आली, तेव्हा तो मेंफिसला पळाला आणि तेथे नाव बदलून राहिला. या फाटाफुटीनंतर रॉबर्ट दुसऱ्या पुरुषापासून जन्मला. त्याच्या बालपणाची काही वर्षे मेंफिसमधील त्या सावत्र पित्याच्या घरी गेली. शहरात तो शाळेत गेला, तऱ्हेतऱ्हेचे संगीत त्याच्या कानावर पडले. पुढे आईने त्याला रॉबिन्सनव्हिल भागातील मळ्यांवर आणले. तेथे अर्धेलीने कापूस पिकवणे हाच बहुतेकांचा जन्मभराचा उद्योग. बियाणे, अवजारे, शिधा सारे मालकाच्या दुकानातून उधारीवर घ्यावयाचे, आणि हंगामाअखेर मालकाच्याच वहीत आपली बाकी वाचावयाची, अशी ती व्यवस्था होती. मुलाचे मन शेतात रमेना.

१९२९ साली त्याचे लग्न झाले. पुढच्याच वर्षी त्याची सोळा वर्षांची पत्नी बाळंतपणात दगावली. याच सुमारास कापसाचा भाव कोसळला. १९२९ साली पौंडाला सुमारे १७ सेंट मिळत होते, ते १९३१ मध्ये सहा सेंटांच्याही खाली आले. मळ्यावर राहून पोट भरण्याची जी काही आशा होती तीही त्यामुळे उरली नाही. गावोगावच्या गुत्त्यांत, लाकूड गिरण्यांच्या वस्त्यांत, शनिवारच्या बाजारात गाऊन चार पैसे मिळवणे, हाच अर्धेलीतून सुटण्याचा एक मार्ग होता.

सन हाउस हा त्या प्रदेशातील नावाजलेला गायक. त्याच्या आठवणीप्रमाणे पोरगेला जॉन्सन माउथ ऑर्गन बरा वाजवी. गिटार हाती घेतली की ऐकणारे वैतागत. नंतर तो तेथून निघून गेला आणि परतला तो असा तयार होऊन की, हाउस थक्क झाला. या मधल्या काळाचे कोडे पुढे फार गाजले. वास्तविक त्यात गूढ काही नाही. जॉन्सन आपल्या जन्मगावाकडे गेला होता आणि तेथे आइक झिमरमन नावाच्या जाणत्या गिटारवादकाकडे त्याने धडे घेतले. झिमरमनच्या कुटुंबीयांनी सांगितल्याप्रमाणे, रात्री कोणाची झोपमोड होऊ नये म्हणून गुरुशिष्य दफनभूमीत जाऊन बसत. ही गोष्ट रियाजाची आहे.

यानंतरची सात-आठ वर्षे भटकंतीची. जॉनी शाइन्स या सोबत्याबरोबर तो शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्क, एवढेच नव्हे तर कॅनडापर्यंत जाऊन आला. शाइन्सने पुढे सांगितले त्यावरून असे दिसते की, जॉन्सन एकट्या ब्लूजवर जगत नव्हता. रेडिओवर एकदा ऐकलेले गाणे तो वाजवून दाखवी. नाचाची गाणी, बिंग क्रॉस्बीची लोकप्रिय गीते, श्रोते मागतील ते सारे त्याच्यापाशी होते. रस्त्यावर गाणाऱ्याला गिऱ्हाइकाची आवड ओळखावीच लागते.

ध्वनिमुद्रणाचा योग १९३६ च्या नोव्हेंबरात आला. सॅन अँटोनिओ येथील गंटर हॉटेलात आणि पुढच्या जूनमध्ये डॅलस येथे मिळून त्याने २९ गाणी मुद्रित केली. मंदीने हा धंदा आधीच खिळखिळा झाला होता. अमेरिकेत १९२७ साली सुमारे १० कोटी तबकड्या खपल्या होत्या. १९३२ साली तो आकडा ६० लाखांच्या आसपास उतरला. त्यातून तो नुकता कोठे सावरत होता. कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांसाठी कंपन्या वेगळी यादी ठेवीत आणि त्या यादीला खपणारा माल तेवढा मुद्रित करीत. तेव्हा जॉन्सनकडून त्यांनी घेतले ते ब्लूजच, क्रॉस्बीची गीते नव्हेत. ती गाण्यास गोरे गायक मुबलक होते. मोबदला एकरकमी, खपाच्या प्रमाणात स्वामित्वधन देण्याची प्रथा अशा गायकांच्या बाबतीत नव्हती. 'टेराप्लेन ब्लूज' ही एका मोटारीच्या नावावरून रचलेली तबकडी दक्षिणेत बऱ्यापैकी चालली, ती सुमारे पाच हजार प्रती. एकंदर बारा तबकड्या निघाल्या, त्यांतली शेवटची त्याच्या मृत्यूनंतर.

१६ ऑगस्ट १९३८ रोजी ग्रीनवुड गावाजवळ तो वारला. वय सत्तावीस. एका मत्सरी नवऱ्याने दारूतून विष दिले, असे सांगतात. मृत्यूच्या दाखल्यावर कारणाची नोंद नाही. डॉक्टर नव्हता एवढेच त्यावरून कळते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये जॉन हॅमंड याने कृष्णवर्णीयांच्या संगीताचा मोठा कार्यक्रम योजला होता आणि जॉन्सनला तेथे आणण्याचा त्याचा मानस होता. निरोप धाडावा तो माणूस हयात नसल्याचे कळले. तेव्हा रंगमंचावर ग्रामोफोन ठेवून जॉन्सनच्या दोन तबकड्या ऐकवण्यात आल्या. माणसाच्या जागी यंत्र, आणि समोर प्रामुख्याने उच्चभ्रू गोरा श्रोता. त्याच्या मरणोत्तर कीर्तीची सुरुवातच अशी झाली.

१९६१ च्या ध्वनिमुद्रिकेमागे हॅमंडचाच आग्रह होता; निवड आणि परिचयलेखन फ्रँक ड्रिग्जचे. माहिती इतकी तुटपुंजी होती की, परिचयात तर्कालाच अधिक जागा मिळाली. दोनच वर्षांपूर्वी सॅम्युअल चार्टर्सने 'द कंट्री ब्लूज' या पुस्तकात जॉन्सनवर प्रकरण लिहिले, तेही असेच त्रोटक. ध्वनिमुद्रिकेत काय घेतले यापेक्षा काय वगळले ते पाहण्यासारखे आहे. 'स्वीट होम शिकागो' हे पुढे सर्वतोमुखी झालेले गाणे त्यात नाही. 'दे आर रेड हॉट' हे हसतखेळत नाचायला लावणारे गाणेही नाही; ते १९७० च्या दुसऱ्या भागात आले. उलट सैतान आणि पाठीवर लागलेला नरकातला कुत्रा यांच्या गाण्यांना अखेरचे मानाचे स्थान मिळाले. निवडीत लबाडी होती असे म्हणता येणार नाही. परंतु व्यथित, एकाकी, झपाटलेला असा एक जॉन्सन तिच्यातून घडत गेला, आणि रसिकांना हवा होता तोही नेमका हाच.

खप प्रारंभी बेताचाच होता. पण ऐकणारे कोण होते याला महत्त्व आले. हॅमंडने बॉब डिलनला आगाऊ प्रत दिली. डिलनने ती डेव्ह व्हॅन राँक या जाणत्या गायकाला ऐकवली, तर त्याला त्यात फारसे नवे काही वाटले नाही. हे गाणे लेरॉय कारवरून, ते स्किप जेम्सवरून, असे तो मूळ दाखवत गेला. डिलनने मात्र ती गीते कागदावर उतरवून त्यांची बांधणी अभ्यासली. व्हॅन राँक चुकला असे मानण्याची प्रथा आहे. खरे तर त्याची माहिती बरोबर होती आणि डिलनचा कानही बरोबर होता. जॉन्सनने इतरांकडून उचलले हे निर्विवाद. त्या उसनवारीला तीन मिनिटांच्या तबकडीत बसेल असा घाट त्याने दिला, हेही तितकेच निर्विवाद. इंग्लंडमध्ये कीथ रिचर्ड्सला प्रथम वाटले की दोन गिटारवादक वाजवत आहेत. एरिक क्लॅप्टनने तर त्याला जन्मभराचे दैवत मानले.

समीक्षकांनी मग उरलेले काम केले. चौरस्त्यावर मध्यरात्री सैतानाला आत्मा विकून जॉन्सनने कला मिळवली, ही दंतकथा १९६६ नंतर छापून आली आणि रूढ झाली. रोमांचक कथा म्हणून ती ठीक आहे. तिच्यापायी झिमरमनकडील त्या रात्री मात्र विस्मृतीत गेल्या. गोऱ्या संगीतकाराचे कौशल्य मेहनतीचे आणि कृष्णवर्णीयाचे तेवढे अमानवी, हा भेद सद्भावनेने लिहिणाऱ्यांच्याही ध्यानात आला नाही. २००४ साली एलायजा वॉल्डने आपल्या पुस्तकात दाखवून दिले की, जॉन्सनच्या काळच्या कृष्णवर्णीय श्रोत्यांना तो कधीच फार मोठा वाटला नव्हता. त्यांचे आवडते गायक वेगळे होते. वॉल्डचा प्रतिवाद करणारे निघाले. तरी कंपनीच्या यादीचा कप्पा म्हणजेच माणूस, अशी गल्लत चाळीस वर्षे होत राहिली, हे त्याचे म्हणणे खोडून काढणे अवघड आहे.

आता पैशाची बाजू. १९६९ साली रोलिंग स्टोन्सने 'लव्ह इन व्हेन' मुद्रित केले तेव्हा कर्ता म्हणून वेगळेच नाव छापले गेले. १९९० साली संपूर्ण ध्वनिमुद्रणांचा संच निघाला. कंपनीची अपेक्षा मर्यादित होती. खप दहा लाखांवर गेला आणि १९९१ चे ग्रॅमी पारितोषिकही मिळाले. मग हक्कांचे खटले आले. २००० साली अमेरिकेतील नवव्या विभागाच्या अपील न्यायालयाने त्या गाण्यांवरील जॉन्सनच्या बाजूचा हक्क ग्राह्य धरला. तत्पूर्वी हक्काचा बराचसा व्यवहार एका संशोधकाने जॉन्सनच्या सावत्र बहिणीशी १९७४ सालीच करार करून आपल्याकडे घेतला होता. संशोधनाचे श्रम त्याचे खरेच होते. पण ज्याच्या श्रमाचे हे सारे उत्पन्न, तो हिशेबात कोठेच नव्हता.

१९३१ साली जॉन्सनला एक मुलगा झाला होता. बापाचे गाणे सैतानाचे म्हणून आजोळच्या माणसांनी त्याला बापाजवळ जाऊ दिले नव्हते. हा मुलगा मिसिसिपीत खडीचा ट्रक चालवून म्हातारा झाला. १९९८ साली तेथील न्यायालयाने त्याला जॉन्सनचा एकमेव वारस ठरवले, आणि दोन वर्षांनी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. तेव्हा त्याचे वय अडुसष्ट होते. ग्रीनवुडच्या परिसरात जॉन्सनच्या कबरीचे दगड आज तीन ठिकाणी आहेत.