नागपूरच्या कॉलेजला ज्यांचं नाव आहे, ते हिस्लॉप दगडातले ठसे वाचायचे

शब्दकोडं सोडवताना समजा शोधसूत्र आलं : पुरातन जिवाचा दगडात उमटलेला ठसा, अक्षरं तीन. उत्तर सोपं आहे, जीवाश्म. पण नागपुरात एका माणसाने हेच कोडं खऱ्याखुऱ्या दगडांवर सोडवलं. त्यांचं नाव स्टीफन हिस्लॉप.

हिस्लॉप यांचा जन्म १८१७ चा, स्कॉटलंडमधल्या डन्स गावचा. मिशनरी म्हणून ते १८४५ मध्ये नागपूरला आले, तेव्हा इथे भोसल्यांचं राज्य होतं. पुढच्याच वर्षी त्यांनी शाळा काढली. कामातून वेळ मिळाला की सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासोबत ते खडक बघत फिरायचे.

शहराजवळच्या टाकळीला त्यांना गोड्या पाण्यातले शंख-शिंपले दगड झालेले सापडले, तेही लाव्हाच्या थरांच्या मध्ये. म्हणजे लाव्हाचा एक लोट थंडावल्यावर दुसरा येईपर्यंत इथे तळी होती.

इतवारीहून रेल्वेने पुढे निघालं की कामठी लागतं. त्या भागातल्या वालुकाश्मात पानांचे ठसे मिळाले. पान गाळात दबतं, कुजून जातं, पण शिरांची नक्षी मागे राहते. हे पान होतं जिभेच्या आकाराचं, ग्लॉसॉप्टेरिस नावाच्या झाडाचं, सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीचं. अशीच पानं ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका आणि अंटार्क्टिकातही सापडली. हे भूभाग एकेकाळी जोडलेले होते, याचा तो एक मोठा पुरावा ठरला. त्या महाखंडाला पुढे नाव मिळालं गोंडवाना, गोंडांच्या मुलखावरून.

त्याच गोंडांची भाषा, चालीरीती आणि लिंगोची गाथा हिस्लॉप लिहून घेत होते. दगडातला ठसा कोट्यवधी वर्षं टिकतो, तोंडी गाथेचं तसं नसतं. गाणारा गेला की तीही जाते.

आणि हे काम अर्धवट असतानाच घात झाला. ४ सप्टेंबर १८६३ रोजी नागपूरच्या दक्षिणेला टाकळघाटची शिळावर्तुळं बघून ते घोड्यावरून परतत होते. वाटेत नाल्याला पूर आला होता. त्यात ते बुडाले. वय अवघं ४५.

त्यांचे कागद मात्र वाचले. रिचर्ड टेंपल यांनी ते संपादित करून १८६६ मध्ये छापले, म्हणून लिंगोची ती गाथा आजही वाचायला मिळते. १८८३ मध्ये सुरू झालेल्या कॉलेजला हिस्लॉप यांचंच नाव दिलं गेलं.