एका तासाचा धनी

२४ ऑक्टोबर १९४२ रोजी ब्रिटिश विमानांनी इटलीतल्या मिलान शहरावर बॉम्ब टाकले. त्यानंतर बरोबर दोन आठवड्यांनी, त्याच शहरातल्या व्हिगोरेलीच्या सायकल-धावपट्टीवर तेवीस वर्षांचा एक सडपातळ शिपाई एकटाच गोल गोल फिरत होता. समोर प्रतिस्पर्धी नाही, फक्त घड्याळ. एका तासात किती अंतर कापता येतं, एवढाच प्रश्न. तास संपला तेव्हा ४५.७९८ किलोमीटर झाले होते. फ्रान्सच्या मॉरिस आर्शाम्बोनं १९३७ साली केलेल्या विक्रमापेक्षा अवघे ३१ मीटर जास्त! पण त्या ३१ मीटरांना पुढची चौदा वर्षं कुणी ओलांडू शकलं नाही.

हा फाउस्तो कोप्पी. जन्म १९१९ चा, कास्तेलानिया या डोंगरातल्या खेड्यातल्या शेतकऱ्याच्या घरचा. शाळेत मन रमेना, म्हणून पोरगं नोव्ही लिगुरे गावात खाटकाच्या दुकानी लागलं. सायकलवरून घरोघर मांस पोचवायचं काम. एका काकानं दिलेल्या पैशांतून शर्यतीची सायकल आली आणि त्याच गावात त्याला गुरू भेटला, बिआजो काव्हान्ना. हा मालिशवाला आंधळा होता. पोरांच्या पोटऱ्या-मांड्या चाचपून तो कोणात किती दम आहे ते ओळखायचा.

दम म्हणजे तरी काय? प्रत्येकाच्या शरीराची एक सीमा असते. तिच्या आत राहिलं तर माणूस तासभर झुंजू शकतो. ती ओलांडली की रक्तातलं लॅक्टेट चढत जातं आणि काही मिनिटांत पाय नकार देतात. तासाच्या विक्रमात सुरुवातीला उत्साहानं घेतलेली उसळी शेवटच्या पंधरा मिनिटांत व्याजासकट वसूल होते. ही सीमा वर सरकवायला दोन गोष्टी लागतात: महिनोन्‌महिने लांबचं, संथ सायकलिंग, ज्यानं स्नायूंत बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं दाट होतं, आणि मग सीमेच्या जरा खाली, दहा-वीस मिनिटं टिकवून धरलेले कष्ट, थोडी विश्रांती, पुन्हा तेच. आजचे सायकलपटू पेडलजवळ बसवलेल्या मापकावर वॅटचे आकडे बघत हे करतात. काव्हान्नाजवळ फक्त बोटं होती.

बँकेतल्या नोकरीत आवर्ती ठेवीची खाती मी पुष्कळ पाहिली. मुदत भरल्यावर हाती आलेली रक्कम पाहून खातेदारच चकित व्हायचा. दमाचा हिशेब याच जातीचा. एकरकमी भरायची सोय तिथं नाही.

१९४० साली कोप्पी जिनो बार्तालीचा मदतनीस म्हणून इटलीच्या महाशर्यतीत, जिरोत उतरला आणि विसाव्या वर्षी स्वतःच जिंकला. दुसऱ्याच दिवशी इटली युद्धात पडली. तासाच्या विक्रमानंतर त्याला आफ्रिकेत धाडलं, १९४३ मध्ये ट्युनिशियात तो ब्रिटिशांच्या हाती सापडला. ऐन उमेदीची वर्षं अशी गेली. पण १९४६ मध्ये मिलान-सान रेमो शर्यत त्यानं चौदा मिनिटांच्या अंतरानं जिंकली. १० जून १९४९ ला तर त्यानं कहरच केला. कुनेओ ते पिनेरोलो, २५४ किलोमीटर, मध्ये आल्प्सचे पाच घाट. त्यातले १९२ किलोमीटर हा गडी एकटा पुढे होता. दुसरा आलेला बार्ताली जवळजवळ बारा मिनिटं मागं. पाच वेळा जिरो, दोनदा तूर द फ्रान्स, १९५३ चं जगज्जेतेपद. जमिनीवर चालताना बेंगरूळ दिसणारा हा माणूस सायकलवर बसला की लोक बघत राहत.

घरात मात्र सुख थोडं. धाकटा भाऊ सेर्से, तोही सायकलपटूच, १९५१ मध्ये शर्यतीत पडून गेला. पुढं एका विवाहितेच्या प्रेमात कोप्पी पडला. इटलीत तेव्हा घटस्फोटाचा कायदा नव्हता. तो यायला १९७० उजाडलं. दोघांची पुरती बेअब्रू झाली, तिला तुरुंगही पाहावा लागला. ज्यांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं, त्यांतलेच कितीतरी लोक नाकं मुरडू लागले.

डिसेंबर १९५९ मध्ये काही फ्रेंच सायकलपटूंबरोबर तो अपर व्होल्टात, म्हणजे आजच्या बुर्किना फासोत, शर्यत आणि शिकारीसाठी गेला. परतल्यावर ताप भरला. सोबतचा राफाएल जेमिनियानीही फणफणला होता. फ्रान्समध्ये डॉक्टरांनी त्याचा मलेरिया ओळखला, तो वाचला. इटलीत कोप्पीवर भलत्याच दुखण्याचे उपचार चालले. डास आणि मलेरियाचं नातं आपल्या सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसनं १८९७ सालीच शोधलं होतं, क्विनाइन तर त्याहून जुनं. २ जानेवारी १९६० ला कोप्पी गेला. वय चाळीस.

कास्तेलानियात सेर्सेच्या शेजारीच त्याची समाधी आहे. २०१९ मध्ये, त्याच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, गावानं आपलं नाव बदलून कास्तेलानिया कोप्पी असं केलं.