मार्सेल रेनो : धुळीतला शेवटचा ओव्हरटेक

रेनो म्हटलं की आपल्याला गाडी आठवते; मला मार्सेल आठवतो. जन्म पॅरिसचा, १८७२. १८९९ मध्ये रेनो भावांनी कंपनी काढली. यंत्र लुईचं, धंदा मार्सेल आणि फर्नांडकडे. १९०२ ची पॅरिस-व्हिएन्ना शर्यत मार्सेलने हलक्या गाडीतून जिंकली, मोठ्या इंजिनांना मागे टाकून!

१९०३ ला पॅरिस-माद्रिद. रस्ता रोजच्या वापराचा, दुतर्फा गर्दी, धुळीचे लोट. पुढची गाडी ओलांडताना मार्सेल रस्त्याबाहेर गेला आणि २ दिवसांनी वारला. वय फक्त ३१. बघायला आलेलेही काहीजण मेले. सरकारने शर्यत बोर्दोलाच थांबवली.

मित्रांनो, रात्री हायवेवर बाइकची रेस लावताना एवढं आठवा : मार्सेल आपल्या मर्जीने उतरला होता, रस्त्याकडेची माणसं नव्हे.