खानदेशचे तर्कतीर्थ आणि यंत्रयुगाची मराठी

पिंप्राळ्यात मोबाईलवरचे संभाषण मध्येच तुटले की रेंज गेली, असे म्हटले जाते. महिनाअखेरीस डेटा संपतो, कचेरीत सर्व्हर डाऊन असतो. या व्यवहाराला मराठी शब्दच नाहीत, असा समज सर्वत्र आहे. तो पूर्णपणे खरा नाही. संदेश पाठविणारा तो प्रेषक, स्वीकारणारा तो ग्राही, क्षीण झालेला संकेत वाढविणारा तो विवर्धक, हे शब्द मराठी विश्वकोशाने कित्येक वर्षांपूर्वीच रुळविले. तो विश्वकोश ज्यांच्या संपादकत्वाखाली उभा राहिला, ते तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी खानदेशचेच सुपुत्र होते.

धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी असलेल्या पिंपळनेर येथे २७ जानेवारी १९०१ रोजी त्यांचा जन्म झाला. कोवळ्या वयातच ते वाईच्या प्राज्ञ पाठशाळेत दाखल झाले. तेथे नारायणशास्त्री मराठे, म्हणजेच पुढचे केवलानंद सरस्वती, हे त्यांना गुरू लाभले. विनोबा भावेही काही काळ याच पाठशाळेत शिकत होते. १९२३ मध्ये कलकत्त्याहून तर्कतीर्थ ही पदवी मिळाली आणि ती त्यांच्या नावाला कायमची जोडली गेली.

नंतरचे आयुष्य पोथीपुरते राहिले नाही. सविनय कायदेभंगाच्या चळवळीत त्यांनी कारावास भोगला. अस्पृश्यतेला शास्त्राधार नाही, हे दाखवून देण्याच्या कामी गांधीजींना त्यांच्या पांडित्याचे साहाय्य झाले. १९३३ मध्ये गांधीजींचे पुत्र देवदास आणि राजगोपालाचारींची कन्या लक्ष्मी यांच्या आंतरजातीय विवाहाचे पौरोहित्यही त्यांनीच केले. पुढे ते मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांकडे वळले. धर्मकोशाचे संपादन, १९५४ च्या दिल्ली साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद, ‘वैदिक संस्कृतीचा विकास’ या ग्रंथाला १९५५ चे साहित्य अकादमी पारितोषिक, १९७६ मध्ये पद्मभूषण आणि १९९२ मध्ये पद्मविभूषण हा तपशील सर्वपरिचित आहे. त्यांच्या कार्याचा यंत्रयुगाशी संबंध येतो, तो १९६० नंतर.

त्या वर्षी १ मे रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. त्याच वर्षी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ‘टिफ्रॅक’ हा देशी बनावटीचा संगणक कार्यान्वित झाला. वर्ष संपण्यापूर्वी राज्य साहित्य संस्कृती मंडळ स्थापन होऊन त्याचे अध्यक्षपद शास्त्रीबोवांकडे आले. मराठीत सर्वविषयसंग्राहक विश्वकोश करावयाचा, तर आधी विज्ञान मराठीत लिहिता आले पाहिजे. त्यामुळे नियोजनात १८ वा असलेला परिभाषा संग्रहाचा खंड १९७३ मध्ये सर्वांआधी छापला गेला आणि ‘अंक’पासून सुरू होणारा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. क्रमांकांचा हा उलटा प्रवास विचारपूर्वक ठरविलेला होता.

नोंदी लिहिणारे आणि शब्द घडविणारे त्या त्या विषयाचे जाणकार होते, हे विसरता कामा नये. तरीही कोशाचे वळण पाहिले, तर त्यामागे एका नैयायिकाची शिस्त जाणवते. व्याख्या लक्ष्यापेक्षा अधिक ठिकाणी लागू पडली तर अतिव्याप्ती, काही ठिकाणी लागूच पडली नाही तर अव्याप्ती, हे न्यायशास्त्राचे प्राथमिक धडे आहेत. वीज, तारायंत्र वा रेडिओवर लिहिणाऱ्यालाही हीच चाळणी उपयोगी पडते. शिवाय कोशाने सोवळेपणाचा आग्रह धरला नाही. ऑक्सिजन आणि रेडिओ हे शब्द तसेच राहिले. ‘इलेक्ट्रॉन’ला संस्कृत प्रत्यय लावून ‘इलेक्ट्रॉनीय’ असे विशेषण सिद्ध झाले. कलकत्त्याची पदवी घेतलेल्या शास्त्र्याच्या कोशात हे घडावे, यातच त्यांची थोरवी दिसते.

सगळेच शब्द टिकले असे मात्र नाही. ‘फ्रीक्वेन्सी’साठी विश्वकोशात ‘कंप्रता’ आहे, तर शालेय पाठ्यपुस्तकांतून विद्यार्थी ‘वारंवारता’ शिकतात. एकाच राज्यात एका संकल्पनेला दोन नावे असली, की विद्यार्थी कंटाळून तिसरे, म्हणजे इंग्रजी नाव उचलतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

संगणक-जोडणीच्या क्षेत्रात तर गोंधळ अधिकच आहे. काही यंत्रे एकमेकांना जोडली की नेटवर्क होते. अशी असंख्य नेटवर्क समान नियमांनी परस्परांशी जोडली गेली, ते इंटरनेट. वेब ही त्या इंटरनेटवर चालणाऱ्या अनेक सेवांपैकी एक. ई-मेल ही दुसरी. मराठीत मात्र जाल, जाळे, आंतरजाल, महाजाल हे शब्द तिन्ही गोष्टींसाठी सरमिसळ वापरले जातात. शास्त्रीबोवांच्या पाठशाळेत ही सरळसरळ अतिव्याप्ती ठरली असती.

शैक्षणिक संस्थांना जोडणारा ‘अर्नेट’ प्रकल्प १९८६ मध्ये सुरू झाला, तेव्हा ते पंच्याऐंशीचे होते आणि विश्वकोशाचे काम चालूच होते. २७ मे १९९४ रोजी महाबळेश्वर येथे त्यांचे निधन झाले. सर्वसामान्य ग्राहकांसाठी विदेश संचार निगमने इंटरनेट खुले केले, ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी.

वर्णक्रमानेही त्यांची थोडी अडवणूकच केली. ‘स’ हे अक्षर वर्णमालेत शेवटाकडे येते. त्यामुळे ‘संगणक’ आणि ‘संदेशवहन’ या विषयांची पाळी त्यांच्या मृत्यूनंतर अनेक वर्षांनी आली. विसाव्या खंडासह विश्वकोश २०१५ मध्ये पूर्ण झाला. आता तो इंटरनेटवरही उपलब्ध असून पिंपळनेरमधील वाचकाला मोबाईलवर वाचता येतो.